नूर मिस्त्रीनं दिलेली जबान

मला कुणी विचारलं नाय, तरी मी सांगणार. कारण मधले दीड महिने जिन्सीतल्या चहाच्या टपरीवर जो तो उठून म्हणत होता, "नूर मिस्त्रीचा हात गेला आता." हात गेला म्हणे! ज्यांना स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढता येत नाय, ते हे बोलणार. आणि मी तिथंच बसून चहा पीत होतो, खरं काय ते मला माहीत होतं, आणि मला तोंड उघडायची बंदी होती. माझ्यासारख्याला गप्प बसवणं म्हणजे काय हाल असतात, ते माझ्या बायकोला विचारा.

मी कचरू. मूळचा देवगाव रंगारीचा, एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. रिटायर होऊन घरी बसलो तर आठव्या दिवशी बायको म्हणली, "तुम्ही रोज कुठंतरी जात जा बरं." तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी नूरमोहम्मदच्या गॅरेजात हजर. तिथं माझा एक स्टूल हाय. काम काही नाय, सल्ला भरपूर. नूर म्हणतो, "कचरूभाऊ, तुम्ही बोलत राहा. मी ऐकत नाय, पन बरं वाटतं."

नूर सिल्लोडचा. त्याचे वडील तिथल्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिनावर होते. सरकी आणि कापसाच्या धुरळ्यात ते पोरगं वाढलं. वडील जेवायला बसले की त्यांचं तोंड चालायचं, पण कान इंजिनाकडं. आवाजात जरा फरक पडला की घास ताटात ठेवून उठायचे. नूरनं तेवढंच उचललं. शाळा सातवीत सुटली, शहरात आला, जालना रोडच्या एका उस्तादाकडं अकरा वर्षं राबला आणि मंग जिन्सीत स्वतःचं दुकान टाकलं. मागं दोन खोल्यांचं घर, पुढं गॅरेज. आज वय एकाहत्तर.

त्याची कामाची रीत लई चिकट. गाडी आली की पहिले पाना उचलायचा नाय. मालकाला म्हणायचं, "तुम्ही सांगू नका काय झालं ते. गाडीला सांगू द्या." मंग एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटून उभं राहायचं. आणि खोललेला प्रत्येक पार्ट एका स्टीलच्या ताटात, काढला त्या क्रमानं मांडायचा. एकदा मी त्या ताटातला एक बोल्ट उचलून बघितला आणि भलत्या जागी ठेवला, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाय. बोल्टासाठी! मी पण मंग तिसऱ्या दिवशी बोललो नाय. चौथ्या दिवशी नूरच्या बायकोनं, जोहराभाभीनं, दोघांना एकाच ताटात खिचडी वाढली, तेव्हा मिटलं.

आता त्या लाल गाडीचं सांगतो.

ती नानासाहेबांची. नानासाहेब म्हणजे पिशोरचे, घरची चांगली शेती, पण माणूस इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. चौतीस वर्षांपूर्वी ते हैदराबादेत कुणाच्या तरी पडवीत पडलेली एक विलायती स्पोर्ट गाडी ट्रकवर घालून घेऊन आले. दोन दारं, दोन सीटा, कापडी टप, जमिनीला पोट घासेल एवढी बुटकी. आणि अवस्था अशी की बॉनेटमध्ये कोंबडीनं अंडी घातलेली. नानासाहेबांच्या पत्नी द्वारकावहिनी. त्यांनी ते भंगार दारात बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे या डबड्यात घातले, असं त्यांना वाटलं. आणि खरंच होतं ते.

नूर आणि नानासाहेब दोन वर्षं तिच्यामागं लागले. जो पार्ट मिळाला नाय तो नूरनं लेथवर घडवला. गाडी चालू झाली तेव्हा नानासाहेब वहिनींना बसवून खुलताबादपर्यंत घेऊन गेले. वहिनी जाताना घुश्श्यात होत्या, येताना टप उघडा ठेवा म्हणल्या. तिथून पुढं ती 'पोरगी' झाली. पोरीला धुतलं का, पोरगी खोकते हाय, पोरीला उन्हात ठेवू नका. नानासाहेब पेट्रोल भरून आले की दारातूनच ओरडायचे, "पोट भरलं गं पोरीचं!" सगळी गल्ली हसायची. हे दोघं हसायचे नाहीत.

मागच्या साली नानासाहेबांना काचबिंदूनं गाठलं. एक डोळा गेला, दुसऱ्याला सावल्या दिसतात. तेव्हा त्यांनी ठरवलं, पोरगी उभी राहून गंजण्यापेक्षा चांगल्या घरी द्यायची. सिल्लोडचे दातांचे डॉक्टर, ऋतुराज, पस्तिशीचा पोरगा, गाड्यांचा शौकीन. गॅरेजात बघायला आला. गाडी त्याच्या मनात भरली, पण मनात धाकधूकही होती. म्हणला, "मिस्त्री, जुनी गाडी हाय. रस्त्यात बंद पडत राहिली तर मी पेशंट बघू का हिला?"

नूर हसला. तो हसला तिथंच मी ओळखलं, आता हा काहीतरी बोलून बसणार, कारण या माणसाला अभिमान कमी चढतो, पण चढला की उतरत नाय. म्हणला, "डॉक्टरसाब, ही माझ्या हातची हाय. माझ्या कामातल्या चुकीनं ही रस्त्यात थांबली, तर त्या दिवशी हे शटर खाली. नूरमोहम्मद परत पाना उचलणार नाय. ये मेरी जबान हाय."

अरे बाबा, कुणी मागितली होती जबान? पण गेली तोंडातून. नानासाहेब तिथं होते, डॉक्टर होता, टपरीवरचे चार रिकामे लोक होते. सौदा झाला.

गुढीपाडव्याला गाडी सिल्लोडला गेली. आदल्या दिवशी नूरनं टाकी धुतली, प्लग-पॉइंट नवे टाकले, दोन्ही कार्बोरेटर उघडून बसवले. पाडव्याला सकाळी नानासाहेबांच्या दारात वहिनींनी गाडीला ओवाळलं, सीटवर नारळ आणि खण ठेवला, आणि गाडी गल्लीच्या तोंडाला वळली तशा आत निघून गेल्या.

दुपारी एकला डॉक्टरचा फोन. सिल्लोडच्या वाटेवर चौक्याच्या घाटात गाडीनं गचके मारले, मिसिंग करत करत बंद पडली. पंधरा मिनिटं थांबून स्टार्टर मारला तर काही झालंच नाय अशी चालू!

नूरनं हातातला पाना खाली ठेवला. तो म्हणला, "घेऊन या."

मंग पंधरा दिवस तेच. गॅरेजात उभी केली की गाडी मांजरीसारखी गुरगुरायची. रेस दिली, तासभर चालू ठेवली, काही नाय. शहरात फिरवली, काही नाय. हर्सूल सोडून घाटाच्या चढाला लागली, की चार-पाच गचके आणि खलास. नूरला पहिल्यांदा वाटलं, गरम होऊन कॉइल दगा देते. कॉइल बदलली. पुन्हा घाट, पुन्हा बंद. कंडेन्सर बदलला. पुन्हा बंद. मी म्हणलं, "ऊन वाढलंय, पेट्रोलची वाफ होत असणार, पंपाला ओलं फडकं बांधा." एसटीतलं ज्ञान! त्यानं माझं कधी नाय ते ऐकलं. फडकं बांधून, वर माझ्या बाटलीतलं गार पाणी ओतत आम्ही घाट चढलो. गाडी नेहमीच्या जागी थांबली. मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

दोनदा दुरुस्त झाली म्हणून डॉक्टरला दिली, दोनदा परत आली. टपरीवर कुजबुज सुरू झाली. नानासाहेबांचा फोन आला तो मी शेजारी बसून ऐकला. "नूर, तुझ्या भरवशावर मी पोरगी दिली. तिच्या सासरी तू मला खाली बघायला लावलंस." नूर नुसता "जी" म्हणत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाय. जोहराभाभी मला दारात म्हणली, "भाऊ, उनकू बोलो ना, हो गया अब, बस करो." मी काय सांगणार? मला तर वाटायला लागलं होतं की लोक म्हणतात ते खरं असेल. तेवढा विचार मनात आला याची मला आजपण शरम वाटते.

सोळाव्या दिवशी आम्ही पुन्हा घाटात. गाडी थांबली. या वेळी नूरनं बॉनेटमध्ये डोकंच घातलं नाय. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिला, मंग एकदम उठला. पंपाकडं येणारी पेट्रोलची नळी काढली. नळीतून थेंब येईना. म्हणजे प्लगची आग ठीक हाय, पोटातून दाणाच येत नाय. त्यानं नळी तोंडात धरली आणि टाकीच्या दिशेनं जोरात फुंकर मारली. टाकीत गुडगुड झालं. नळी खाली धरली, तर पेट्रोलची धार! जोडली, स्टार्टर मारला, गाडी चालू. पुढं दोन किलोमीटर चढ गेलो, पुन्हा गचके, पुन्हा फुंकर, पुन्हा धार.

"कचरूभाऊ," तो म्हणला, आणि तोंड पेट्रोलनं माखलेलं असताना हा माणूस हसत होता, "इसके पेट में कुछ हाय. चढाला ते मागं सरकतं, पंप ओढतो तसं टाकीतल्या नळीच्या तोंडाला जाऊन चिकटतं. गाडी थांबली की सुटून खाली पडतं. म्हणून पंधरा मिनिटांनी चालू!"

परत आलो. त्यानं टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, टाकी पालथी करून हलवली. आणि ताटात पडायला लागले तांदूळ.

पांढरे, काही पिवळे, काहींवर कुंकवाचा लाल डाग अजून धरून होता. मूठभर असतील. शेवटी खळखळ करत एक हळकुंड आणि एक सुपारी आली.

मी बघतच राहिलो. हे तर ओटीचं सामान! पोरगी सासरी निघाली म्हणून वहिनींनी तिची ओटी भरली होती. नारळ आणि खण सीटवर, आणि तांदूळ... टाकीचं झाकण उघडून आत.

पहिले मला हसू आलं. मंग आलं नाय. मंग मी ओरडलो, "लावा फोन! नानासाहेबाला लावा, डॉक्टरला लावा! टपरीवर मी जातो. तुमची चूक नाय मिस्त्री, जबान वाचली!"

नूर ताटातले तांदूळ बोटानं एका जागी गोळा करत होता. म्हणला, "फोन नाय करायचा."

"का?"

"वहिनीला काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील! तुमच्या गळ्याशी आलंय इथं!"

"नानासाहेबांचा सभाव तुम्हाला माहीत हाय. चौतीस साल त्यांनी वहिनींना बॉनेटला हात लावू दिला नाय. तुला यातलं काय कळतं, हेच ऐकवलं. आता कळलं तर मरेपर्यंत ऐकवतील. डॉक्टर भला हाय, पन चार लोकांत गंमत म्हणून सांगनारच, की एका बाईनं टाकीत तांदूळ घातले. सिल्लोडपासून पिशोरपर्यंत लोक हसतील. त्या बाईनं हे हसण्यासाठी केलं का? तिला एकच लेक होती, तिला रिकाम्या हातानं कशी लावून द्यायची, एवढंच तिच्या मनात असंल." त्यानं सुपारी उचलून तांदळावर ठेवली. "माझं काय, लोक म्हणतील म्हातारा झाला. ते तर मी झालोच."

मी लई भांडलो. त्याला वेडा म्हणलं, आडमुठा म्हणलं, आणखी काय काय म्हणलं. तो म्हणला, "कसम खा माझी." मी नाय म्हणलं. मंग त्यानं माझा हात धरला. सोडीचना, मंग मी खाल्ली कसम. नंतर त्यानं मला विचारलं, "हे तांदूळ कचऱ्यात टाकत नसतात ना?" मी मान हलवली. त्यानं ते धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवले.

डॉक्टर गाडी न्यायला आला तेव्हा नूर सरळ उभा राहून म्हणला, "टाकी धुताना माझंच फडकं आत राहिलं होतं. चूक माझी." डॉक्टर बिचारा चांगला, म्हणला, "जाऊ द्या मिस्त्री, वयानं होतं असं." शिवी परवडली असती. गाडी गेली. संध्याकाळी नूरनं ताट पुसलं, पाने तेल लावून पेटीत ठेवले, आणि शटर खाली ओढलं. मी माझा स्टूल घेऊन घरी आलो. बायकोनं तो उचलून दाराआड ठेवला.

दीड महिना. नूर मागच्या खोलीत बसून राहायचा. जोहराभाभी सांगायची, घरातला चांगला मिक्सर दोनदा खोलून झाला. मी टपरीवर जायचो, लोकांचं ऐकायचो, आणि दात आवळून परत यायचो.

मंग एक दिवस मी नानासाहेबांकडं गेलो. तब्येतीची विचारपूस करायला. बोलायचं नाय असं पक्कं ठरवून गेलो होतो, देवाशपथ. नानासाहेब काळा चष्मा लावून खुर्चीत. वहिनींनी चहा दिला आणि म्हणल्या, "डाक्टरांचा फोन व्हता. पोरगी सुखी हाय आता. पण कचरूभाऊ, नूरभाऊंनी असं कराया नको व्हतं. पोरीच्या पोटात फडकं राहू देतं का कुणी?"

झालं. कप बशीत आपटला. "फडकं नव्हतं वहिनी! तांदूळ होते! हळकुंड होतं, सुपारी होती! तुम्हाला कुणी हसू नये म्हणून त्या माणसानं आपल्या हातानं आपलं शटर पाडलं, आणि तुम्ही त्यालाच..." आणि तिथंच मी जीभ चावली. कसम मोडली होती आणि समोर ती बाई भिंतीला टेकून उभी होती.

आता नानासाहेब फुटणार, म्हणून मी अंग चोरून बसलो. त्यांनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. मंग हळू आवाजात म्हणले, "द्वारका, टाकीत का गं टाकलंस?"

"मंग कुठं भरायची व्हती वटी?" वहिनींचा आवाज फाटला. "सीटवर लोक बसत्यात. तुम्हीच म्हणायचे ना, पोट भरलं पोरीचं. मला वाटलं, पोट तिथंच असंल."

नानासाहेबांनी पायानं चपला चाचपल्या. "रिक्षा बोलव, कचरू," म्हणले.

नूर दारात बनियनवर उभा होता. आम्हाला तिघांना एकदम बघून त्याला कळलं. माझ्याकडं त्यानं असं बघितलं की मी मान खाली घातली. तो वहिनींना म्हणला, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जबान दिली ती दिली. मी बी थकलोच होतो."

"भाऊ," वहिनी म्हणल्या, "मी डाक्टरांना फोन करून सांगितलं, रिक्षातूनच. ते हसले. हसू द्या. टपरीवर बी मी सांगणार हाय. तुमची जबान तुमच्या चुकीपुरती व्हती. तुमचं चुकलं नाय. पोरीचं बी चुकलं नाय." त्यांनी पदर सावरला. "चुकलं ते तिच्या आईचं."

आई. इतक्या वर्षांत सगळ्यांनी गाडीला पोरगी म्हणलं, पण वहिनींनी स्वतःला हा शब्द कधी लावला नव्हता. त्यांच्या समोर तो शब्द आम्ही कुणी उच्चारतच नव्हतो. नानासाहेबांचा हात हवेत त्यांचा खांदा शोधत होता. सापडला. ते म्हणले, "आईचं एकटीचं नाय. बापाचं बी. नूर, आम्हा दोघांना माफ कर."

नूर रडला. मी पण रडलो, लपवत नाय. नूरनं बनियनच्या टोकानंच डोळे पुसले आणि आत तोंड करून ओरडला, "जोहरा, शटरच्या चाव्या दे. आणि चहा टाक, पाच कप."